आधीपासूनच चालू

आत-बाशीच्या शाळेत सकाळचे सात.
बाहेर उणे सत्तावीस, रात्रीची वीज पहाटे आलेली.
कालमुरात शेगडीतली राख बादलीत भरतोय,
मी बोटांवर फुंकर घालत सर्व्हरपुढे.
पंखा फिरला. हिरवा दिवा लागला.
प्रॉक्सी तेवढा उठेना.

अख्ख्या शाळेला डोंगरापलीकडून येणारी एकच तार,
सुतळीएवढी.
म्हणून हा मध्ये ठेवलाय.
एका मुलानं मागितलं की जाऊन आणतो,
फडताळात ठेवतो,
दुसऱ्यानं मागितलं तर तिथूनच काढून देतो.
तो नसला की नववीच्या तीस पोरांचे
तीस ज्वालामुखी
एकाच वेळी त्या सुतळीवरून यायला निघतात
आणि एकही पोचत नाही.

चालू हो, म्हटलं.
चालू झाल्यासारखं केलं,
आणि पाहुणा उंबऱ्यावरूनच मागे फिरावा
तसा गेला.

संशय आधी स्वतःवर घ्यायचा.
गुरुवारी मीच एक ओळ घातली होती, ती काढली.
तरी नाही.
डिस्क भरली असेल. अर्धी रिकामी.
लॉगच्या फोल्डरची मालकी? त्याचीच.
तीन हजार एकशे अठ्ठावीस नंबरच्या दारात
दुसरंच कुणी पथारी पसरून बसलंय का?
कुणी नाही. दार सताड उघडं,
आणि हा आत येईना.

मग लॉगची शेवटची ओळ वाचली,
जी पहिल्यांदा वाचायची असते:
मी आधीपासूनच चालू आहे. क्रमांक ११४७.

सुयुमकानबाई चहाचा वाडगा घेऊन आल्या.
भूगोल, पहिला तास.
"झालं?"
"तो म्हणतो, चालूच आहे."
"आणि आहे?"
"नाही."
"आमच्याकडे पण एक आहे असा,"
त्या म्हणाल्या, आणि वाडगा
सर्व्हरच्या डोक्यावर ठेवणार होत्या,
मी हात धरला.

११४७ शोधला. सापडला!
जिवंत, श्वास घेणारा,
पण हा तो नव्हेच.
हा घड्याळ सांभाळणारा, गरीब बिचारा,
मशीनची वेळ जुळवत बसणारा.
रात्री वीज गेली तेव्हा प्रॉक्सी मेला
मरताना आपला क्रमांक एका चिठ्ठीवर तसाच सोडून.
सकाळी मशीननं पुन्हा पहिल्यापासून क्रमांक वाटले,
११४७ याच्या वाट्याला आला.
आता कुणीही हाक मारली, ११४७?
हा म्हणतो, हजर.
प्रॉक्सी ते ऐकतो,
मी आहेच की, म्हणतो,
आणि परत जातो.

वडिलांचा नंबर कंपनीनं वर्षभर मुका ठेवला,
मग कुणाला तरी दिला.
ऑक्टोबरात मी तो लावला.
चुकून लागला म्हणाले असते, कुणी विचारलं असतं तर.
तलासचा माणूस होता. मागे रेडिओ, तान्हं मूल.
"कोण पाहिजे?"
मी गप्प.
"घोड्याबद्दल असेल तर
तो तांबडा घोडा माझ्याकडे नाही," तो म्हणाला,
"आठवड्यातून एक तरी फोन येतोच.
मला घोड्यांतलं काही कळत नाही, ताई."
तांबडा घोडा आम्ही तेराव्या महिन्यात विकला होता.
मी सांगितलं नाही.

चिठ्ठी म्हणजे एक फाइल. तिच्यात चार आकडे.
पुसायला एक आज्ञा पुरते.
चहा निम्मा प्यायले, मग पुसली.

उठला.
नवा क्रमांक २६३०.
उठल्या उठल्या फडताळ आवरायला बसला,
एकेक वस्तू उचलून, खरी का खोटी बघून,
त्यात वीस मिनिटं गेली.
बाईंनी तोवर फळ्यावर खडूनं डोंगर काढला,
वर धूर काढला, लाव्ह्याला लाल खडू नव्हता.

मी एक ओळ लिहून ठेवली:
यापुढे वीज आली की
जुनी चिठ्ठी आधी फाडायची, मग हाक मारायची.
कालमुरातनं विचारलं, कोळसा अजून घालू?
घाल म्हटलं.
फोनमधला तो नंबर अजून आहे. नावही तेच.

११४७ला यातलं काहीच माहीत नाही.
आठ वाजून चार मिनिटं, तो म्हणाला,
आणि बरोबर होतं.